कर्जदाराला मिळते ते एक पान गुंतवणूकदारालाही द्या

प्रति,
अध्यक्ष, भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ (सेबी), मुंबई
अध्यक्ष, भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद
गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई

विषय : गुंतवणुकीवर सही करण्यापूर्वी ग्राहकाच्या हाती मराठीतून एका पानाचे विवरण देण्याबाबत.

महोदय,

मी पुण्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत ३१ वर्षे गणित शिकवून निवृत्त झाले आणि आता कर्वेनगरला राहते. मी ठरवून काही सुरू केले नव्हते, पण निवृत्तीनंतर आमच्या सोसायटीतली आणि आसपासची माणसे पैशांची कागदपत्रे घेऊन माझ्याकडे येऊ लागली. कुणाच्या ठेवीची मुदत संपलेली असते, कुणाला म्युच्युअल फंडाचे स्टेटमेंट उलगडत नाही, तर कुणी पॉलिसीवर सही करून आलेले असते आणि घरी पोहोचेपर्यंत मनात शंका उभी राहिलेली असते. मी सल्लागार नाही, कुणाकडून एक पैसाही घेत नाही आणि अमुक घ्या असेही सांगत नाही. वही आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसते आणि समोरच्या कागदावर जे लिहिले आहे त्याचा ‘वर्षाला किती टक्के’ एवढाच हिशेब मांडून देते. हा हिशेब मी आठवीच्या मुलांना चक्रवाढ व्याजाच्या प्रकरणात शिकवत असे. तो करायला लागणारे आकडे एका जागी, एका भाषेत आणि सही होण्याच्या आधी सामान्य माणसाच्या हाती पडत नाहीत, ही माझी तक्रार आहे, आणि ती आपल्या तिघांकडे मिळून आहे.

रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ रोजी एक परिपत्रक काढले आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या, व्यक्तींना दिल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मुदत कर्जासाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे मुख्य माहितीचे विवरण, बंधनकारक केले. घरासाठी कर्ज घेणाऱ्या माझ्या भाच्याच्या हातात मी ते प्रत्यक्ष पाहिले. व्याजदर, प्रक्रिया शुल्क, विम्याचा खर्च असे सगळे धरून वर्षाला एकूण किती टक्के पडतात हा एकच आकडा त्यात ठळकपणे द्यावा लागतो. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत लिहावे लागते. त्यात न लिहिलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. आणि कर्ज सात दिवस किंवा त्याहून अधिक मुदतीचे असेल तर ते विवरण किमान तीन कामकाजाचे दिवस ग्राह्य धरावे लागते, म्हणजे तेवढ्या दिवसांत माणूस घरी नेऊन वाचू शकतो, चार जणांना विचारू शकतो. हे फार चांगले काम झाले आहे आणि त्याबद्दल मी मनापासून आभार मानते. पण तोच माणूस त्याच शाखेत, त्याच टेबलासमोर, कर्ज मागायला न जाता आपली पुंजी गुंतवायला गेला तर त्याला असे पान मिळत नाही. बँकेचे पैसे ज्याला द्यायचे आहेत त्याला सगळे स्पष्ट सांगायचे, आणि ज्याचे पैसे घ्यायचे आहेत त्याच्यापुढे इंग्रजी अर्जांचा गठ्ठा ठेवायचा, हा भेद मला कुठल्याही तत्त्वावर पटत नाही.

आमच्या इमारतीत पीएमपीतून निवृत्त झालेले एक वाहक राहतात. त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी, म्हणून तेही मला ‘बाई’च म्हणतात. मे २०२३ मध्ये ते ५८ व्या वर्षी निवृत्त झाले आणि भविष्य निर्वाह निधी व ग्रॅच्युइटीचे मिळून १८ लाख रुपये त्यांच्या बचत खात्यात जमा झाले. ज्या बँकेत खाते होते, तिथून पंधरा दिवसांच्या आत फोन आला. केबिनमध्ये बसवून चहा दिला गेला आणि “काका, एफडीत आता काय राहिलंय, त्यापेक्षा हे बघा,” असे म्हणून एक पॉलिसी पुढे केली गेली. मुलीच्या नावाने विमा, वडिलांनी वर्षाला १ लाख भरायचे, २० वर्षांनी २२ लाख मिळणार. ‘दुप्पट होऊन वर दोन लाख’ हे शब्द त्यांच्या लक्षात राहिले. ते १ लाख दरवर्षी, असे १० वर्षे भरायचे आहेत, हे मात्र लक्षात राहिले नाही किंवा नीट सांगितले गेले नाही. यातले नेमके काय झाले हे आज कुणालाच सिद्ध करता येणार नाही. मी ती फाइल पाहिली आहे. अर्जावर सही करायच्या प्रत्येक जागेपुढे पेन्सिलने बारीक फुली मारलेली होती. अशा १४ फुल्या होत्या आणि प्रत्येक फुलीपुढे एक सही होती. मराठीत त्या फाइलमध्ये एकच गोष्ट होती, ती म्हणजे त्यांच्या सह्या.

पुढच्या वर्षी हप्त्याची नोटीस आली तेव्हा ते फाइल घेऊन माझ्याकडे आले. पॉलिसी परत करण्याची मुदत त्या वेळी साधारणपणे १५ दिवसांची होती आणि ती कधीच उलटून गेली होती. त्या काळच्या नियमांप्रमाणे दोन पूर्ण वर्षांचे हप्ते भरल्याशिवाय काहीच परत मिळत नव्हते, आणि दोन हप्ते भरून तिसऱ्या वर्षी पॉलिसी सोडली तर किमान हमी भरलेल्या रकमेच्या ३५ टक्क्यांची होती, म्हणजे २ लाख भरून ७० हजार. शाखेत तक्रार केल्यावर आपण सर्व ठिकाणी स्वाक्षरी केली आहे, असे उत्तर आले. विमा लोकपालांचे कार्यालय आपल्या पुण्यातच, नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर आहे, तिथे आपण जाऊ, मी सोबत येते, असे मी त्यांना म्हटले. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, “बाई, सह्या तर माझ्याच आहेत.” या वाक्यापुढे मला काही बोलता आले नाही. तक्रार निवारणाची दारे आपण पुष्कळ उघडली आहेत. सेबीचे स्कोअर्स आहे, विम्यासाठी बिमा भरोसा आहे, रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना २०२१ पासून आहे. पण ज्या प्रामाणिक माणसाला आपल्या सहीची लाज वाटते तो या दारांपर्यंत येतच नाही. त्याच्यासाठी जे काही करायचे ते सही होण्याआधीच करायला हवे.

आता हिशेब. दर वर्षाच्या सुरुवातीला १ लाख याप्रमाणे १० वर्षे भरले आणि पहिल्या हप्त्यापासून २० वर्षांनी २२ लाख मिळाले, तर चक्रवाढीने वर्षाला पडणारा दर ५.१५ टक्के येतो. ‘दुप्पट होऊन वर दोन लाख’ आणि ‘वर्षाला सव्वापाच टक्क्यांहून थोडे कमी’ या दोन्ही गोष्टी एकाच पॉलिसीबद्दल खऱ्या आहेत, पण पहिली ऐकून माणूस सही करतो आणि दुसरी ऐकून थांबतो. याच रकमा याच तारखांना पीपीएफमध्ये ठेवल्या असत्या आणि एप्रिल २०२० पासून चालू असलेला ७.१ टक्के दर कायम राहिला असे धरले, तर २० वर्षांनी सुमारे साडेएकोणतीस लाख झाले असते. पॉलिसीत विम्याचे संरक्षण असते, हे मान्य. पण संरक्षण कुणाचे होते? मुलीचे, जिच्या कमाईवर घरातले कुणीही अवलंबून नव्हते. पारंपरिक पॉलिसीच्या कोष्टकात ४ टक्के आणि ८ टक्के असे गृहीत दर धरून रुपयांचे लांबच लांब रकाने दिलेले असतात, हमी परताव्याच्या पॉलिसीत नुसतेच रुपये असतात. पण आपण भरलेल्या पैशांवर वर्षाला नेमके किती टक्के पडतात हे सांगणारी ओळ, माझ्या टेबलावर आलेल्या अशा एकाही कागदावर मला आढळली नाही.

या प्रसंगातली दुसरी गोष्ट मला अधिक लागते. ते निवृत्त झाले त्याच महिन्यात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर ८.२ टक्के होता आणि तिची कमाल मर्यादा एप्रिल २०२३ पासून १५ लाखांवरून ३० लाख झाली होती. ५५ ते ६० वयात निवृत्त झालेल्याला ती त्या वेळी निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून एका महिन्यात घ्यावी लागत असे. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये ही मुदत तीन महिन्यांची झाली. त्यांनी १५ लाख तिथे ठेवले असते तर दर तीन महिन्यांनी ३०,७५० रुपये खात्यावर आले असते. ती योजना त्याच बँकेत, त्याच छताखाली मिळत होती. केबिनमधल्या कुणीही तिचे नाव घेतले नाही आणि तो एक महिना निघून गेला. त्या अधिकाऱ्याचा स्वभाव वाईट होता असे मी म्हणत नाही. त्याला महिन्याचे उद्दिष्ट दिलेले असते आणि ते पॉलिसीचे असते, सरकारी बचत योजनेचे नसते. ज्येष्ठ नागरिक योजनेवर आणि पीपीएफवर एजंटांना मिळणारे कमिशनही डिसेंबर २०११ पासून बंद झाले. त्यामागे काटकसरीचा विचार असेल, पण त्याचा परिणाम असा झाला की निवृत्त माणसासाठी जे सर्वांत सरळ साधन आहे त्याबद्दल बोलण्यात कुणाचाच फायदा उरला नाही.

कमिशनबद्दल माझे मत स्पष्ट सांगते. कमिशन घेणे हा अपराध नाही. बाजार पडल्यावर घाबरून पैसे काढायला निघालेल्या माणसाला जो वितरक घरी येऊन थोपवतो, तो आपले मानधन कमावतोच. पण ते किती, हे गुंतवणूकदाराला आधी कळले पाहिजे, आणि टक्क्यांत नव्हे तर रुपयांत कळले पाहिजे. सेबीने या बाबतीत वाट दाखवली आहे. १ जानेवारी २०१३ पासून म्युच्युअल फंडात डायरेक्ट, म्हणजे वितरकाशिवाय थेट घ्यायच्या, योजना आल्या आणि २०१६ पासून सहामाही एकत्रित स्टेटमेंटमध्ये वितरकाला दिलेले कमिशन रुपयांत छापले जाऊ लागले. मात्र हा आकडा पैसे गुंतवून झाल्यावर येतो. दरमहा १० हजारांची एसआयपी २० वर्षे केली आणि परतावा वर्षाला १२ टक्के धरला तर सुमारे १ कोटी होतात, ११ टक्के धरला तर सुमारे ८७ लाख. डायरेक्ट आणि रेग्युलर, म्हणजे वितरकामार्फत घ्यायच्या, योजनांच्या खर्चात पुष्कळदा एवढ्याच एका टक्क्याच्या आसपास अंतर असते. हे १२ ते १३ लाख कुणाला तरी जाणार असतील तर जाऊ देत, पण ते जाणार आहेत हे माहीत असलेल्या माणसाने ते खुशीने द्यावेत. जोखमीच्या बाबतीतही तसेच. जानेवारी २०२१ पासून फंडाची जोखीम दाखवणाऱ्या रिस्कोमीटरवर सहा पायऱ्या आहेत आणि समभागांच्या जवळपास प्रत्येक योजनेचा काटा ‘अति उच्च’वर टेकलेला असतो, तो पाहून कुणाच्या मनात काहीच उमटत नाही. त्याऐवजी ‘२००८ या एका वर्षात सेन्सेक्स निम्म्याहून अधिक पडला, तेव्हा १ लाखाचे ४८ हजारांहूनही कमी राहिले,’ असे लिहिले तर आमच्या सोसायटीचा रखवालदारसुद्धा ठरवू शकेल की मुलीच्या पुढल्या वर्षीच्या फीचे पैसे तिथे ठेवायचे की नाहीत.

असे साधे वाक्य लिहिणे आपल्याला जमत नाही असे नाही. जुलै २०२३ पासून फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअर बाजारातल्या वायद्यांमध्ये, व्यवहार करणाऱ्याला ब्रोकरच्या ॲपमध्ये शिरताच ‘दहापैकी नऊ वैयक्तिक व्यवहारकर्त्यांना निव्वळ तोटा झाला’ हे वाक्य वाचावे लागते. त्यात एकही अवघड शब्द नाही आणि आकडा सेबीच्याच अभ्यासातला आहे. एखाद्याने तरीही उडी मारली तर तो त्याचा निर्णय. त्याला अंधारात ठेवले असे कुणी म्हणू शकत नाही. मला हेच ठेवींच्या आणि पॉलिसींच्या कागदावर हवे आहे.

ठेवींचे नाव मी मुद्दाम घेते, कारण पुण्यातल्या मध्यमवर्गाची खरी गुंतवणूक अजूनही मुदत ठेवच आहे आणि ती पूर्ण सुरक्षित असते अशी पिढ्यान् पिढ्यांची समजूत आहे. बँक बुडाली तर ठेवीदाराला पैसे देणारा ठेव विमा फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांचा आहे. तो प्रत्येक ठेवीदाराला, प्रत्येक बँकेत, सर्व शाखा मिळून आणि मुद्दल व व्याज मिळून आहे. एकाच बँकेच्या डेक्कन, कोथरूड आणि सिंहगड रस्ता अशा तीन शाखांत पाच-पाच लाख ठेवून ‘सगळे सुरक्षित केले’ म्हणणारे शिकलेले लोक मला भेटले आहेत. रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. त्या नऊ वर्षांत या शहरातल्या कितीतरी घरांनी लग्ने, शस्त्रक्रिया आणि शिक्षण पुढे ढकलले. एवढे होऊनही ठेव ठेवताना भरायच्या अर्जावर ५ लाखांची ही मर्यादा ठळक अक्षरांत दिसत नाही. आणि पतसंस्थेतल्या ठेवीला तर हा विमा मुळीच लागू नाही. बँक आणि पतसंस्था यांच्या पाट्या शेजारी शेजारी असतात, पासबुके सारखी दिसतात, पतसंस्थेचा दर एक-दोन टक्क्यांनी जास्त असतो आणि तो जास्त का असतो हे कुणी सांगत नाही. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाहीत हे मला ठाऊक आहे. राज्याच्या सहकार आयुक्तांचे कार्यालय पुण्यातच आहे आणि या पत्राची प्रत मी तिथे नेऊन देणार आहे.

एवढे सगळे कागद वाचणार कोण, असे कदाचित मला विचारले जाईल. मला कागद वाढवायचे नाहीत. म्युच्युअल फंडाच्या अर्जासोबत मुख्य माहितीपत्रक असते, विम्याच्या पॉलिसीसोबत ग्राहक माहितीपत्रक येते, बँकेच्या ठेवीच्या मागे बारीक टाइपातल्या अटी असतात. प्रत्येक नियामकाने आपापल्या परीने सांगितले आहे, पण प्रत्येकाचा साचा वेगळा आहे. गुंतवणूकदाराच्या घरात मात्र एकच कपाट असते आणि त्यातल्या एकाच प्लास्टिकच्या पिशवीत पॉलिसी, ठेवीची पावती आणि फंडाचे स्टेटमेंट एकत्र असते. त्याला या तिन्हींतून निवड करायची असते. निवड करायची तर तुलना हवी, आणि तुलना करायची तर तिन्हींवर त्याच ओळी त्याच क्रमाने हव्यात. किराणा दुकानात किलोचा भाव विचारता येतो म्हणून दोन दुकानांत तुलना होते. गुंतवणुकीच्या दुकानात एक जण किलोत सांगतो, दुसरा नगात आणि तिसरा पोत्यात.

हे तिघांनी मिळून ठरवायला जागाही आहे. अर्थमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील आर्थिक स्थैर्य आणि विकास परिषदेत २०१० पासून आपण तिघेही बसता, पेन्शन नियामकही तिथे असतात. आमच्या पुण्यात कोंढव्याला बँक अधिकाऱ्यांना शिकवणारी राष्ट्रीय संस्था आहे, बालेवाडीला विमा अधिकाऱ्यांची आहे आणि विद्यापीठ रस्त्यावर रिझर्व्ह बँकेचे स्वतःचे महाविद्यालय आहे. विकणाऱ्यांना शिकवण्याची इतकी सोय एका शहरात असताना, घेणाऱ्याच्या हातात द्यायचे एक पान तयार करणे अवघड नसावे. विमा नियामकांनी पॉलिसी परत करण्याची मुदत ३० दिवसांवर नेली आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरून पॉलिसी सोडणाऱ्यालाही काही रक्कम परत मिळेल अशी तरतूद केली, तेव्हा मी त्या निवृत्त वाहकांना ते वाचून दाखवले. त्यांनी विचारले, “जुन्या पॉलिसीला चालेल का?” त्यांच्या पॉलिसीच्या अटी जुन्याच राहणार होत्या. त्यांनी तिसरा हप्ताही भरला आहे, कारण सोडले तर घाटा मोठा आणि धरले तर परतावा छोटा, आणि या दोहोंत त्यांनी दुसरे पत्करले.

मी सोबत एक नमुना जोडत आहे. त्यांच्याच पॉलिसीचे आकडे घालून तो वहीच्या एका पानावर हाताने लिहिला आहे. एकूण किती रुपये भरायचे, किती वेळा आणि कोणत्या तारखेपर्यंत. हाती काय येणार, कधी, आणि त्यातले हमीचे किती. त्यावर वर्षाला किती टक्के पडतात, आणि परताव्याची हमी नसेल तर एखाद्या वाईट वर्षात १ लाखाचे किती राहिले होते. पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी मधेच सोडले तर किती परत मिळतील. विकणाऱ्याला पहिल्या वर्षी आणि नंतर किती रुपये मिळतील. संस्था बुडाली तर कोण किती देईल. आणि त्या आठवड्यात पोस्टात व सरकारी योजनांत काय दर चालू आहे. एवढे सारे मोठ्या अक्षरांत लिहूनही पान भरले नाही. हे पान देऊन तीन कामकाजाचे दिवस झाल्याशिवाय सही घेऊ नये, ही अटही त्यावर लिहिली आहे. सर्वांत खाली एक ओळ ‘वरील माहिती मी ग्राहकाला वाचून दाखवली’ अशी आहे, आणि तिच्यापुढे विकणाऱ्याच्या सहीसाठी जागा सोडली आहे. तिथे मी पेन्सिलने एक फुली मारून ठेवली आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त गणित शिक्षिका
कर्वेनगर, पुणे